न दिसणारे मासे मोजायचे कसे?

2 जुलै 1992 रोजी कॅनडाच्या सरकारनं न्यूफाउंडलंडच्या समुद्रातली कॉड माशांची मासेमारी बंद केली. जवळपास पाच शतकं चाललेला धंदा एका घोषणेत थांबला आणि तीस हजारांहून जास्त माणसांचं काम गेलं. मासे होते म्हणून त्या किनाऱ्यावर गावं वसली होती. मासे गेल्यावर त्या गावांना धरून राहायला दुसरं काहीच उरलं नाही. बंदी सुरुवातीला फक्त दोन वर्षांची होती. ती तीन दशकांहून जास्त काळ टिकली.

या घटनेत मला सगळ्यात जास्त खटकतं ते असं, की हे अज्ञानातून घडलं नाही. तिथे शास्त्रज्ञ होते, सर्वेक्षणाची जहाजं होती, दरवर्षी किती मासे काढायचे याचा कोटा ठरत होता. कागदावर सगळं जागच्या जागी होतं. मग चुकलं कुठे? हे कळायला आधी एका प्रश्नापाशी थांबावं लागतं. प्रश्न ऐकायला अगदी सोपा आहे: समुद्रात मासे किती आहेत, हे माणसाला कळतं कसं?

जंगलातली झाडं मोजता येतात, कुरणातली गुरं मोजता येतात. मासे दिसत नाहीत, एका जागी थांबत नाहीत, एकमेकांना खातात आणि एकेक मादी लाखो अंडी घालते, पण त्यातली जवळजवळ सगळी वाया जातात. मत्स्यविज्ञानाची सगळी धडपड या न दिसणाऱ्या गोष्टीचा भरवशाचा अंदाज बांधण्याची आहे.

समुद्र संपतो का?

1883 मध्ये लंडनला भरलेल्या मत्स्यप्रदर्शनात थॉमस हक्सली या मोठ्या जीवशास्त्रज्ञानं सांगितलं होतं, की कॉड, हेरिंग, मॅकरेल असे मासे, निदान तेव्हाच्या पद्धतींनी पकडले तर, बहुधा कधीच संपणार नाहीत. शिडाच्या होड्यांच्या काळात हे म्हणणं वेडगळ नव्हतं. पण त्यातली अट लोक विसरले आणि पद्धती बदलल्या. वाफेची जहाजं आली, पुढे डिझेलची आली, मग माशांचे थवे शोधणारी यंत्रं आली.

माणसाच्या जाळ्याचा समुद्रावर खरंच परिणाम होतो का, याचं पहिलं ठळक उत्तर युद्धानं दिलं. पहिल्या महायुद्धात पाणसुरुंग आणि पाणबुड्यांमुळे उत्तर समुद्रातली मासेमारी बरीच थंडावली. युद्ध संपून जाळी पुन्हा पाण्यात पडली, तेव्हा प्लेससारखे चपटे मासे आधीपेक्षा जास्त आणि मोठे मिळू लागले. थोड्याच वर्षांत ते पुन्हा घटले. दुसऱ्या महायुद्धानंतरही हेच घडलं. कोणत्याही प्रयोगशाळेला परवडला नसता एवढा मोठा प्रयोग आपोआप होऊन गेला. जाळी थांबली की मासे वाढतात, म्हणजे मासे घटण्याला जाळी कारणीभूत आहेत.

मग किती काढले तर चालेल? समजा, एखाद्या पाण्यात मासे अगदी थोडे आहेत. खायला भरपूर आहे, पण अंडी घालणारेच कमी, म्हणून वर्षाकाठी पडणारी भरही थोडी. उलट, पाणी माशांनी गच्च भरलेलं असेल तर अन्नासाठी ओढाताण होते, पिल्लं जगत नाहीत, वाढ खुंटते आणि भर पुन्हा थोडीच. या दोन टोकांच्या मधे कुठेतरी अशी स्थिती असते, की वर्षाची भर सगळ्यात जास्त पडते. तेवढी भर दरवर्षी काढून घेतली तर साठा आहे तिथेच राहतो. याला महत्तम शाश्वत उत्पादन म्हणतात. विसाव्या शतकाच्या मध्यावर याची गणितं बसवली गेली. 1954 मध्ये कॅनडाच्या रिकरनं अंडी घालणारे मासे आणि पुढच्या पिढीचं प्रमाण यांचं नातं मांडलं. 1957 मध्ये इंग्लंडमधल्या बेव्हर्टन आणि होल्ट यांनी माशाची वाढ, नैसर्गिक मृत्यू आणि मासेमारीतला मृत्यू यांचा एकत्र हिशोब बांधला. आजची बहुतेक गणितं त्याच पायावर उभी आहेत.

गणित सुंदर आहे, पण ते माणसाला कड्याच्या अगदी टोकावर नेऊन उभं करतं. साठा आहे त्यापेक्षा जास्त समजून कोटा ठरवला, तर भरीपेक्षा जास्त मासे काढले जातात. पुढच्या वर्षी साठा लहान, म्हणून भरही लहान. कोटा मात्र जुन्याच आकड्यावर चिकटलेला. घसरण अशी सुरू होते. त्यातच समुद्राची लहर फिरली तर विचारायलाच नको. पेरूच्या किनाऱ्यावर 1970 मध्ये अँकोव्हेटा नावाचा छोटा मासा सव्वा कोटी टनांच्या आसपास पकडला गेला होता. जगातली ती सर्वांत मोठी मासेमारी. 1972 मध्ये एल निनोमुळे तिथलं पाणी तापलं, पिल्लांची भर आटली, आणि जाळी त्यानंतरही चालूच होती. वर्षभरात पकड 20 लाख टनांच्याही खाली आली.

कानातला खडा

साठ्याचा हिशोब करायला नुसती संख्या पुरत नाही, वयही लागतं. शंभर मासे आहेत म्हटलं तर ती शंभर पिल्लं आहेत की शंभर म्हातारे, यानं सगळा अर्थ बदलतो. सुदैवानं माशाचं वय त्याच्या कानात लिहिलेलं असतं. हाडांचा सांगाडा असलेल्या बहुतेक माशांच्या आतल्या कानात चुन्याचे छोटे खडे असतात. मासा त्यांच्या आधारानं तोल सांभाळतो. खड्यावर दरवर्षी थर चढतो, सुगीच्या दिवसांत जाड आणि टंचाईत पातळ. खडा कापून सूक्ष्मदर्शकाखाली धरला की झाडाच्या खोडासारखी वलयं दिसतात. जगभरच्या प्रयोगशाळांत अशी वलयं मोजत बसलेली माणसं आहेत. हे काम कंटाळवाणं आणि डोळे शिणवणारं आहे, आणि बाकीचं सगळं शास्त्र त्यावर उभं आहे.

वय कळल्यामुळे काय उलगडलं? नॉर्वेच्या योहान योर्टनं 1914 मध्ये दाखवलं, की हेरिंगच्या पकडीतले चढउतार हे मासे कुठे निघून गेल्यामुळे होत नाहीत, तर कोणत्या वर्षी किती पिल्लं जगली यामुळे होतात. 1904 साली जन्मलेल्या हेरिंगची एकच पिढी पुढे कित्येक वर्षं नॉर्वेच्या जाळ्यांत भरत राहिली होती. म्हणजे एखादा सुकाळ दहा वर्षं पुरतो, आणि त्या काळात मागून नवे मासे येत नसले तरी पकड चांगलीच दिसते.

वय चुकलं की काय होतं, ते ऑरेंज रफी या खोल पाण्यातल्या माशानं शिकवलं. न्यूझीलंडजवळ त्याची मोठी मासेमारी सुरू झाली, तेव्हा तो इतर माशांसारखाच झपाट्यानं वाढत असेल असं धरलं गेलं होतं. पुढे खड्यांचा नीट अभ्यास झाला, त्यातल्या किरणोत्सर्गी मूलद्रव्यांवरून पडताळा घेतला, आणि कळलं की हा मासा शंभर वर्षांहून जास्त जगतो आणि अंडी घालण्याजोगा व्हायलाच पंचवीस-तीस वर्षं लागतात. ताटात आलेला मासा खाणाऱ्याच्या पणजोबाच्या वयाचा असू शकत होता. असे साठे एकदा उपसले की भरून यायला माणसाची अख्खी हयात लागते.

पकड चांगली, म्हणजे मासे भरपूर?

आता न्यूफाउंडलंडकडे परत जाऊ. माशांचा अंदाज बांधायचा सगळ्यात स्वस्त मार्ग म्हणजे मच्छीमारांची पकड पाहणं. तासाभरात किती मासे मिळाले? आकडा घटला तर मासे घटले, आकडा टिकला तर मासे टिकले. हे पटण्यासारखं आहे, आणि नेमकं इथेच पाय घसरतो.

मच्छीमार समुद्रात कुठेही जाळं टाकत नाही. मासे जिथे असतील तिथेच टाकतो. त्याचं कसब तेच आहे. कॉड घटू लागला तसा तो उरलेल्या थोड्या जागांत दाट थवे करून राहू लागला. मोठे ट्रॉलर, म्हणजे जाळं ओढत नेणारी जहाजं, यंत्रांच्या मदतीनं नेमके त्या थव्यांवर पोचत होते. त्यामुळे एकूण साठा आटत असतानाही ट्रॉलरची ताशी पकड चांगलीच राहिली. दुसरीकडे, शास्त्रज्ञांची सर्वेक्षण जहाजं ठरलेल्या जाळ्यानं, सोडत काढल्यासारख्या निवडलेल्या ठिकाणी, मासे असोत वा नसोत, ओढ काढत होती. त्यांचे आकडे कमी येत होते. दोन आकड्यांत तफावत होती, आणि बराच काळ दोन्हींच्या मधला रस्ता धरला गेला.

किनाऱ्याजवळ छोट्या होड्यांनी मासेमारी करणारे लोक ऐंशीच्या दशकातच ओरडून सांगत होते, की कॉड कमी येतोय आणि लहान येतोय. त्यांचं म्हणणं खरं होतं. त्यांची जाळी एका जागी बांधलेली असत, ती थव्यामागे धावत नसत, म्हणून एका अर्थी ती ट्रॉलरपेक्षा प्रामाणिक मोजपट्टी होती. चूक लक्षात आल्यावर 1989 साठी शास्त्रज्ञांनी 1 लाख 25 हजार टनांचा सल्ला दिला. रोजगार जाईल या भीतीनं कोटा 2 लाख 35 हजार टनांचा ठरला. त्या भीतीला मी हसणार नाही. ती खऱ्या माणसांच्या पोटाची भीती होती. पण तीन वर्षांनी सगळाच रोजगार गेला.

म्हणून आज सर्वेक्षणात एका गोष्टीवर फार भर असतो: दरवर्षी तेच जाळं, तोच वेग, तेवढाच वेळ. अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर अशी सर्वेक्षणं 1963 पासून चालू आहेत. 2002 मध्ये तिथल्या मच्छीमारांच्या ध्यानात आलं, की सरकारी सर्वेक्षण जहाजाच्या जाळ्याच्या दोन दोरांवरच्या खुणा जुळत नाहीत. एक दोर दुसऱ्यापेक्षा लांब सुटतो आणि जाळं तिरकं ओढलं जातं. अनेक वर्षांच्या तुलनेवर याचा परिणाम मर्यादित होता असं तपासात निघालं, पण विश्वासाला तडा गेलाच. पुढे मच्छीमार आणि शास्त्रज्ञ एकत्र बसून सर्वेक्षणाची पद्धत ठरवू लागले. नवं जहाज आलं तेव्हा जुनं आणि नवं शेजारी-शेजारी चालवून, एकाच पाण्यात जाळी ओढून, दोघांच्या आकड्यांचा मेळ घातला गेला. तसं केलं नसतं तर मासे वाढले की फक्त जाळं सुधारलं, हे कधीच कळलं नसतं.

त्याच भागातली दुसरी गोष्ट जास्त समाधान देणारी आहे. 1994 च्या शेवटी जॉर्जेस बँक या उथळ समुद्रातले मोठे पट्टे कॉड आणि त्याच्यासारख्या तळाच्या माशांसाठी बंद केले गेले. कॉड काही फारसा सावरला नाही. पण तळावर राहणाऱ्या स्कॅलप शिंपल्यांचं वजन त्या बंद पट्ट्यांत 1998 पर्यंत चौदा पट झालं. हे मोजायचं कसं, तर विद्यापीठातल्या संशोधकांनी 1999 पासून स्कॅलप पकडणाऱ्यांच्याच बोटींवरून, पोलादी चौकटीला बांधलेले कॅमेरे तळावर उतरवले आणि प्रत्येक चित्रातले शिंपले मोजले. एकही जीव न मारता. स्कॅलप फार लांब जात नाही, त्यामुळे ही मोजणी चपखल बसली. पुढे पट्टे आळीपाळीनं बंद-खुले ठेवण्याची पद्धत आली: लहान शिंपले दिसले की पट्टा बंद, मोठे झाले की खुला. हा धंदा आज अमेरिकेतल्या सर्वांत चांगल्या चालणाऱ्या मासेमारींपैकी एक आहे.

न पकडता मोजणं

मोजण्याच्या इतर वाटाही आहेत. पाण्यात ध्वनी सोडून परतलेला प्रतिध्वनी मोजतात. माशाच्या पोटातली हवेची पिशवी ध्वनी चांगला परतवते. अटलांटिक मॅकरेलला मात्र ही पिशवीच नसते, म्हणून ईशान्य अटलांटिकमध्ये 1977 पासून दर तीन वर्षांनी त्याची तरंगती अंडी मोजतात आणि अंड्यांवरून मागे जात माद्यांचा हिशोब लावतात.

यातली मला सगळ्यात आवडणारी युक्ती आहे नातलग शोधण्याची. समजा, समुद्रात 100 प्रौढ मासे आहेत. त्यातले 10 आणि शिवाय 10 पिल्लं आपल्या हाती आली, आणि डीएनएवरून कोण कुणाचं पिल्लू हे ताडून पाहिलं. प्रत्येक पिल्लाला आई-बाप मिळून दोनच पालक, म्हणजे दहा पिल्लांचे मिळून वीस पालक. प्रौढांतला दहावा हिस्सा आपल्याकडे आहे, म्हणून साधारण दोन जोड्या जुळतील. समुद्रात प्रौढ 1000 असते, तर दोनही जुळल्या नसत्या. म्हणजे नाती जितकी कमी सापडतील, तितके समुद्रात मासे जास्त. दक्षिणेकडच्या ब्लूफिन ट्यूनासाठी ऑस्ट्रेलियाच्या शास्त्रज्ञांनी हेच केलं. प्रौढ मासे इंडोनेशियाच्या बंदरात येणाऱ्या पकडीतून घेतले, पिल्लं ऑस्ट्रेलियाच्या दक्षिण किनाऱ्यावरून. सुमारे 14 हजार माशांचा डीएनए तपासला आणि पालक-पिल्लाच्या 45 जोड्या सापडल्या. त्यावरून प्रौढांची संख्या काढता आली. या मोजणीत मच्छीमारानं किती पकडल्याचं सांगितलं, याच्यावर विसंबावं लागत नाही. ज्या माशाच्या बाबतीत चोरटी पकड झाल्याचं आधीच उघड झालं होतं, त्याच्यासाठी हे फार मोलाचं होतं.

जाळ्याची भोकं आणि मोठी मादी

किती पकडायचे इतकंच महत्त्व कोणते पकडायचे यालाही आहे. ओढताना ताण आला की जाळ्याची शंकरपाळ्याच्या आकाराची भोकं आवळून बंद होतात आणि लहान मासे आतच अडकतात. तीच भोकं चौकोनी ठेवली तर ताणाखालीही उघडी राहतात आणि पिल्लं निसटतात. एवढासा बदल, पण तो शोधायला पाण्याखाली कॅमेरे लावून जाळं कसं वागतं ते पाहावं लागलं. कोळंबीच्या जाळ्यात तिरकी जाळी-चौकट बसवून कोळंबी पुढे आणि मासे बाहेर सोडण्याची युक्ती तर नॉर्वेतल्या मच्छीमारांकडून आली. त्यांना खरं तर जाळ्यात भरणाऱ्या जेलीफिशचा त्रास टाळायचा होता. शास्त्रज्ञांनी ती चौकट तपासली, सुधारली, आणि आज ती जगभर वापरात आहे.

लहान मासे सोडा, मोठे धरा, असं आपण सहज म्हणतो. त्यातही एक मेख आहे. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात शेकडो जातींच्या माद्यांची अंडी तोलली गेली. 30 किलोची एक कॉड मादी 2 किलोच्या 28 माद्यांहून जास्त अंडी घालते, असं त्यात निघालं. त्या 28 माद्यांचं मिळून वजन 56 किलो भरतं. म्हणजे साठ्याचा नुसता टनांत हिशोब केला तर म्हाताऱ्या माद्यांची खरी किंमत दिसतच नाही. मासेमारी नेमकी त्यांनाच आधी संपवते. काही पाणी कायमचं बंद ठेवण्यामागचं हे एक भक्कम कारण आहे, आणि माझ्या मते त्याकडे अजून पुरेसं लक्ष गेलेलं नाही.

मासे पाळले तर समुद्रावरचा भार हलका होईल, असं अनेकांना वाटतं. ते अर्धंच खरं आहे, कारण पाळलेला सामन मासा स्वतः मांसाहारी आहे. नॉर्वेत 1990 च्या सुमारास त्याच्या खाद्यात जवळपास नव्वद टक्के भाग समुद्रातल्या माशांपासून येत होता. संशोधनामुळे 2016 पर्यंत तो पंचवीस टक्क्यांच्या आसपास आला. तिथेच 1987 मध्ये सामनवर सुमारे 50 टन प्रतिजैविकं वापरली गेली होती. माशांना टोचायच्या लसी आल्या आणि उत्पादन कित्येक पटींनी वाढूनही हा वापर वर्षाला एक-दोन टनांच्या आत आला, पुढे त्याहूनही खाली.

रेघ कुठे मारायची?

संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या हिशोबानुसार 1974 मध्ये जगातल्या सुमारे 10 टक्के मत्स्यसाठ्यांवर अतिमासेमारी होत होती. 2025 च्या अहवालात हे प्रमाण 35.5 टक्के आहे. जिथे मोजणी नीट होते आणि तिचं ऐकलं जातं, तिथे साठे सावरतातही. अमेरिकेत 2000 सालापासून खालावलेले सुमारे 50 साठे पुन्हा उभे राहिले. दक्षिणेकडच्या ब्लूफिन ट्यूनासाठी 2011 मध्ये संबंधित देशांनी एक नियम आधीच ठरवून टाकला: मोजणीचा आकडा असा आला तर कोटा इतका, तसा आला तर तितका. आकडा आल्यावर वाटाघाटी नाहीत. तो साठा तेव्हापासून हळूहळू वर येतो आहे. वाईट बातमी हातात पडल्यावर धाडसी निर्णय घेणं कुणालाच जमत नाही. बातमी यायच्या आधी तो घेऊन ठेवणं जमतं.

पण त्यासाठी साठा किती खाली गेला म्हणजे धोका, ही रेघ आधी मारावी लागते. इथे आणखी एक अडचण आहे. 1995 मध्ये मत्स्यशास्त्रज्ञ डॅनियल पॉली यांनी ती मांडली: प्रत्येक पिढी आपल्या उमेदीच्या काळात समुद्र जसा पाहते, त्यालाच मूळ स्थिती मानते. आजोबांनी पाहिलेलं भरलेलं पाणी नातवाच्या आकडेवारीत कुठेच नसतं.

2023 मध्ये न्यूफाउंडलंडच्या कॉडचं गणित नव्यानं मांडलं गेलं. नोंदी 1954 पर्यंत मागे नेल्या आणि त्या लांब पट्टीवर धोक्याची रेघ पूर्वीपेक्षा खाली आली. साठा 'गंभीर' गटातून 'सावधगिरी'च्या गटात गेला. त्या वर्षी समुद्रातले मासे अचानक वाढले नव्हते; मोजपट्टीवरची खूण सरकली होती. जून 2024 मध्ये सरकारनं बंदी उठवली आणि 18 हजार टनांचा कोटा जाहीर केला. घाई झाली की योग्य झालं, यावर तिथले मच्छीमार, शास्त्रज्ञ आणि पर्यावरणवाले यांच्यात तीव्र मतभेद आहेत. 1968 मध्ये याच पाण्यातून एका वर्षात 8 लाख टन कॉड निघाला होता.